हेन्री केरीचीं गाणीं व विडंबनें

इंग्रजी भाषेंत 'नॅम्बी-पॅम्बी' असा एक शब्द आहे. दुबळें, लाडिक, गोड गोड बोलून वाचकास नकोसें करणारें असें जें लिखाण असतें त्यास हा शब्द लावतात; पुढें अर्थाचा विस्तार होऊन कणखरपणा नसलेल्या माणसासही तो लावूं लागले. कोशांत पाहिलें तर या शब्दाच्या उगमाशीं अँब्रोज फिलिप्स या कवीचें नांव सांपडतें, कारण 'नॅम्बी' हें 'अँब्रोज'चेंच लाडकें व वेडेंवांकडें केलेलें रूप होय. म्हणजे ज्याची थट्टा झाली तो कोशांत अमर झाला. ज्यानें थट्टा केली त्याची चौकशी मात्र फारसें कोणी करीत नाहीं. त्याचें नांव हेन्री केरी. ज्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापलें त्या श्रीरामपूरच्या डॉक्टर विल्यम केरींशीं याचा कांहीं संबंध नाहीं. हा त्यांच्या दोन-तीन पिढ्या आधींचा, आणि पाद्रीपणाचा तर याला वाराही लागलेला नव्हता.

वाङ्मयाच्या इतिहासांत या केरीस चार ओळींपलीकडे जागा मिळत नाहीं, आणि त्यांतल्या दोन ओळी 'गॉड सेव्ह द किंग' हें गीत त्याचें कीं आणखी कोणाचें या वादांत खर्ची पडतात. हा वाद केरीच्या बाबतींत आम्हांस सर्वांत कमी महत्त्वाचा वाटतो. त्याच्याविषयीं विचारण्यासारखा खरा प्रश्न निराळाच आहे. दुसऱ्या एका कवीच्या साधेपणाची ज्यानें जन्मभर पुरेल अशी टिंगल केली, त्याच माणसानें इंग्रजींतील अत्यंत साधें असें एक प्रेमगीत लिहिलें, आणि त्याच्या साधेपणाबद्दल स्वतःही टिंगल सोसली. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा?

केरीचा जन्म सुमारें १६८७ सालचा, आणि त्याचें बहुतेक आयुष्य लंडनमध्यें गेलें. हॅलिफॅक्सचा मार्क्विस जॉर्ज सॅव्हिल याचा तो अनौरस पुत्र होता अशी एक जुनी वदंता आहे. त्याच्या मुलाचें नांव जॉर्ज सॅव्हिल होतें, हा तिचा एक आधार. ती खरी असो वा नसो, त्याच्या जीवनक्रमांत उमरावीचें चिन्ह कोठेंच दिसत नाहीं. रोझनग्रेव्ह व जेमिनियानी या नामांकित संगीतज्ञांपाशीं तो शिकला. मुलींच्या निवासी शाळांतून व मध्यम स्थितीच्या कुटुंबांतून गाणें शिकवणें हा त्याचा चरितार्थ, आणि रंगभूमीसाठीं प्रहसनें लिहिणें, गाणीं रचणें व चाली बांधणें हा जोडधंदा. १७१५ सालीं ड्रुरी लेनच्या नाटकगृहांत त्याचें 'द कॉन्ट्रायव्हन्सेस' हें प्रहसन झालें. त्यापूर्वीं १७१३ सालीं त्याचा कवितासंग्रह निघाला होता. १७२० व १७२९ सालीं त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. या संग्रहांतील गंभीर प्रेमकवितांविषयीं फार बोलण्यासारखें नाहीं. तेच रूढ मेंढपाळ, तेच रूढ उसासे. केरी मनापासून गंभीर होऊं लागला कीं तो दुसऱ्या कोणासारखाही वाटूं लागतो, आणि हंसूं लागला कीं लगेच ओळखूं येतो.

आतां फिलिप्सची हकीकत. हा केंब्रिजचा विद्वान; १७०९ सालीं त्याचीं ग्रामगीतें प्रसिद्ध झालीं आणि ॲडिसनच्या मित्रमंडळींत त्याचा बोलबाला झाला. पोपला तें सहन झालें नाहीं, व १७१३ सालीं 'गार्डियन' पत्रांत त्यानें फिलिप्सची स्तुति करण्याच्या मिषानें त्याची पुरती शोभा केली. इतक्यावर प्रकरण थांबलें असतें. पण १७२४ च्या सुमारास फिलिप्सनें कवितेचा एक नवा घाट काढला. सात-सात अक्षरांच्या, नाचत्या तालाच्या तोकड्या ओळी, आणि प्रत्येक जोडीला यमक. या घाटांत त्यानें पुल्टनी नांवाच्या एका राजकारणी गृहस्थाच्या चिमुकल्या मुलींवर कविता केल्या, आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट कार्टरेट याच्या लहान मुलीवर केली. आणि ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे कीं, त्याच घाटांत त्यानें मुख्य प्रधान सर रॉबर्ट वॉल्पोल याचीही स्तुति गायिली. पाळण्यांतलें मूल आणि राज्याचा कारभारी, दोघांनाही एकच झुला!

१७२५ सालीं केरीची 'नॅम्बी-पॅम्बी' निघाली. या नव्या वृत्तरचनेचें स्तोत्र असें तिला रूप दिलें होतें. केरीनें फिलिप्सचा ताल जशाचा तसा उचलला आणि त्यावर लंडनच्या गल्ल्यांत पोरें ओरडत असत तीं बडबडगीतें चढवलीं. लंडनचा पूल मोडल्याचें गाणें तींत आहे, आणि कोपऱ्यांत बसून खाऊ खाणाऱ्या जॅक हॉर्नरचा छापील वाङ्मयांतील पहिला निर्देशही याच कवितेंत सांपडतो. बालगीतांचे संशोधक आज जी कविता आदरानें उघडतात ती एका कवीच्या फजितीसाठीं लिहिलेली आहे, हा योग मोठा गंमतीचा. केरीची युक्ति अशी कीं, तो फिलिप्सवर टीका करीतच नाहीं. तो त्याच्याबरोबर धांवूं लागतो, जरा वेग वाढवतो, आणखी वाढवतो, आणि बघतां बघतां कवितेचे शब्द सुटून नुसता बोबडा नाद उरतो. ताल तोच, यमकें तशींच, फक्त अर्थ गळून पडलेला. मग वाचकास शंका येते कीं, मूळ कवितेंत तरी तो कितीसा होता?

विडंबनाची हीच खरी कसोटी होय. आपल्याकडे बरोबर दोनशें वर्षांनीं, १९२५ सालीं, केशवकुमारांचीं 'झेंडूचीं फुलें' निघालीं. त्यांतील कित्येक विडंबनांच्या मूळ कविता आजच्या वाचकास ठाऊकही नसतात, आणि तरीही तो हंसतो, कारण विडंबनकर्त्याच्या हातांत वृत्त पक्कें आहे. ज्याला ताल येत नाहीं त्यानें तालाची थट्टा करूं नये. केरी व्यवसायानें गवई होता, आणि त्याचें हें बळ 'नॅम्बी-पॅम्बी'च्या ओळीओळींत जाणवतें.

तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. फिलिप्सच्या त्या कविता आज शांतपणें वाचल्या तर त्या वाईट नाहींत. निदान त्या काळच्या पोषाखी काव्याच्या शेजारीं ठेवल्या तर त्यांत एक प्रकारची टवटवी आहे. लहान मुलाच्या रूपाविषयीं कौतुकानें लिहिणें हा कांहीं अपराध नव्हे; पुढें १७८९ सालीं ब्लेकनें तोकड्या ओळी आणि मुलाची बोली घेऊन जें केलें तें सर्वश्रुत आहे. मग केरीनें फिलिप्सवर अन्याय केला काय? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर केरीच्या त्या प्रेमगीताकडे वळलें पाहिजे.

'सॅली इन अवर ॲली' हें तें गीत. एका कारागिराच्या हाताखालीं राबणारा उमेदवार पोरगा आपल्या गल्लींतल्या सॅलीविषयीं बोलतो आहे. तिचे आईबाप फेरीवाले. मालक पाठ सडकतो, शेजारी हंसतात, पण उमेदवारीचीं सात वर्षें एकदां सरलीं कीं लग्न करावयाचें, एवढाच त्याचा बेत. या गीतास केरीनें एक छोटी प्रस्तावना जोडली आहे, आणि आमच्या मतें ती गीताइतकीच वाचनीय आहे. चांभाराचा एक उमेदवार सुटीच्या दिवशीं आपल्या मुलीस घेऊन सहलीस निघाला. त्यानें तिला बेडलमचें वेड्यांचें इस्पितळ दाखवलें (त्या काळीं ती एक करमणूक होती, याला इलाज नाहीं), कळसूत्री बाहुल्या दाखवल्या, उडत्या पाळण्यांत बसवलें, मूरफील्ड्सच्या सगळ्या शोभा दाखवल्या, आणि मग एका खाद्यगृहांत नेऊन पाव, चीजकेक, डुकराचें मांस, मसाला भरलेलें गोमांस व बाटलींतली एल यांची मेजवानी दिली. या सबंध वेळांत केरी त्यांच्या मागोमाग लपतछपत हिंडत होता! त्या दोघांच्या प्रीतींतील सरळपणानें तो मोहून गेला आणि घरीं येऊन त्यानें गाणें लिहिलें. तें ऐकून त्याच्या कांहीं मित्रांनीं त्याला हंसून घेतलें. असल्या हलक्या लोकांवर कसलें काव्य करतोस म्हणून. पण खुद्द ॲडिसननें त्याची एकाहून अधिक वेळां तारीफ केली, याचा केरीस फार अभिमान वाटे. ॲडिसन १७१९ सालीं वारला. तेव्हां गीत त्यापूर्वींचें खरें.

पाहा, ज्या ॲडिसनच्या बैठकींत फिलिप्स नांवारूपास आला त्याच ॲडिसननें केरीच्या गीतास पसंती दिली. साधी भाषा, तोकडी ओळ, मोठ्या विषयाचा अभाव, हें सर्व दोघांच्याही ठिकाणीं आहे. फरक आहे तो कवि कोणाच्या दारांत उभा आहे यांत. फिलिप्स ज्या पाळण्याशीं बोबडें बोलतो त्या पाळण्याच्या पलीकडे मुलीचा बाप उभा आहे, आणि बोल त्याच्या कानीं पडावेत अशी योजना आहे. त्याच तालांत वॉल्पोलही बसतो, यावरूनच तो ताल कोणत्या कामासाठीं घडवला होता हें उघड होतें. केरीच्या चांभाराच्या पोराकडून मात्र कोणाला कांहीं मिळण्यासारखें नव्हतें. केरीनें थट्टा केली ती साधेपणाची नव्हे. साधेपणाचें सोंग घेतलेल्या खुशामतीची. मुलींवरच्या कविता एकेकट्या घेतल्या तर फिलिप्सवर थोडा अन्याय झाला असें म्हणतां येईल. सगळ्या एकत्र ठेवल्या तर म्हणतां येणार नाहीं. दुर्दैव एवढेंच कीं, शब्द रूढ झाला तेव्हां हा बारीक भेद त्यांतून निसटला. आज 'नॅम्बी-पॅम्बी' म्हटलें कीं कोमलतेवर प्रहार होतो, खुशामत सुखरूप राहते.

केरीच्या नाटकांकडे वळलें कीं हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसते. १७३४ सालीं हेमार्केटच्या नाटकगृहांत त्याची एक शोकांतिका झाली. तिचें नांव, छापखान्यांतील जुळाऱ्यांची क्षमा मागून, 'क्रोनॉनहोटॉन्थोलॉगॉस'. हा क्वीरमेनिया देशाचा राजा. त्याच्या एका दरबाऱ्याचें नांव आल्डिबोरॉन्टिफॉस्कोफॉर्निओ, दुसऱ्याचें रिग्डम-फनिडॉस; सर वॉल्टर स्कॉटनें आपल्या छापखान्याचे भागीदार जेम्स व जॉन बॅलंटाइन या भावांस हींच नांवें चिडवण्यासाठीं दिलीं होतीं, यावरून नाटकाची रंगत किती काळ टिकली तें कळेल. पृथ्वीच्या उलट्या बाजूचा राजा स्वारी करून येतो तो हातांवर चालत, आणि राणीचा जीव त्याच्यावरच जडतो. शेवटीं राजा सेनापतीच्या तंबूंत जेवावयास बसला असतां भांडण होतें, राजा सेनापतीस तडाखा देतो, सेनापति राजास ठार करतो, आणि वैद्याला आणण्यासाठीं गाडी बोलावण्याचा हुकूम सोडतो. पण 'बोलावणें' हें एकच क्रियापद इतक्या आवेशानें उलटसुलट फिरवतो कीं तेवढ्यांत मेलेला माणूस दुसऱ्यांदां मरावा. जोरकस पल्लेदार वाक्यांवर टाळ्या घेणाऱ्या नाटकांशीं ज्याचा थोडा तरी परिचय आहे त्याला हें दृश्य परकें वाटणार नाहीं.

पण केरीचा खरा विजय १७३७ सालचा 'द ड्रॅगन ऑफ वाँटली'. यॉर्कशायरमधील एका जुन्या पोवाड्याचा विषय: गांवाला छळणारा अजगर, आणि त्याला मारणारा दारुडा सरदार मूर. या विषयावर केरीनें शब्द लिहिले आणि जॉन फ्रेडरिक लाम्पे यानें संगीत दिलें. लाम्पे हा हँडेलच्या वाद्यवृंदांत बसून बसून वाजवणारा जर्मन. (दुसरा 'बसून' हें वाद्याचें नांव आहे, खिळे जुळवणाऱ्याची चूक नव्हे.) इटालियन संगीतनाटकांनीं त्या वेळीं लंडनच्या श्रीमंतांस वेड लावलें होतें. शब्द कळत नाहींत, कथा पटत नाहीं, आणि आखाड्यांतल्या वीराच्या भूमिकेंत बायकी आवाजाचा गवई. केरी-लाम्पे यांची युक्ति अशी होती कीं, संगीताची थट्टा करावयाचीच नाहीं. तें अस्सल हँडेलच्या वळणाचें, कसून रचलेलें, गंभीर. शब्द तेवढे घरगुती. दोन नामांकित गायिका, फॉस्टिना व कुझोनी, यांच्या वैराचा गाजावाजा १७२७ पासून सर्वांस ठाऊक होता. येथें मार्जरी व मॉक्सलिंडा या खेडवळ पोरी मूरसाठीं भांडतात, तें भांडण भारदस्त ताना घेत घेत चालतें. अजगराचा वध तलवारीनें होत नाहीं; पार्श्वभागावर बसलेल्या एका लाथेनें होतो. आणि त्याच्या मरणाचें संगीतही अगदीं यथाशास्त्र.

हें नाटक प्रथम हेमार्केटमध्यें झालें; मग तें कव्हेंट गार्डनमध्यें गेलें आणि पहिल्याच हंगामांत त्याचे ६९ प्रयोग झाले. गेच्या 'बेगर्स ऑपेरा'चे पहिल्या हंगामांत ६२ झाले होते, आणि तो आंकडा अद्भुत मानला जात असे. अजगरांत कित्येकांना वॉल्पोलच्या करांचें रूप दिसलें, आणि तें दिसावें अशी केरीची इच्छा असावी. खुद्द हँडेलला लाम्पेच्या चाली चांगल्या वाटल्या असें एका समकालीन पत्रांत नमूद आहे. केरीनें नाटक लाम्पेस अर्पण करतांना दोघांनीं शब्दांची काटछांट करीत घालवलेल्या आनंदाच्या घटकांची आठवण काढली आहे. त्यांत द्वेषाचा वास नाहीं. त्यास कारणही आहे. १७३२ सालीं याच दोघांनीं 'अमेलिया' नांवाचें गंभीर संगीतनाटक इंग्रजींत रचलें होतें. केरीनें त्याच सुमारास 'टेरामिंटा' हेंही लिहिलें. इंग्रजी भाषेंत मोठें गाणें व्हावें ही त्याची मनापासूनची हौस होती. ती फळली नाहीं, तेव्हां त्यानें तीच विद्या थट्टेस लावली.

इटालियन गवयांवरील त्याच्या कांहीं कवितांत मात्र हा तोल राहिलेला नाहीं. त्यांच्या शारीरिक व्यंगाची त्यानें जी कुचेष्टा केली आहे ती वाचवत नाहीं, आणि परक्यांविषयींचा आकसही तींत आहे. जेथें लाम्पेसारखा जाणता सोबती नाहीं, तेथें केरीचा विनोद पुष्कळदां गुत्त्यांतल्या विनोदाच्या पातळीवर उतरतो.

एवढें यश मिळूनही पैसा टिकला नाहीं. १७१० च्या कायद्यानें ग्रंथकारास पुस्तकावर हक्क मिळाला होता. पण संगीताचे छापील कागद त्यांत येतात किंवा नाहीं याचा निर्णय थोर बाखच्या धाकट्या मुलाच्या दाव्यांत १७७७ सालीं लागला. तोंवर केरीचें गाणें आज लोकप्रिय झालें कीं उद्यां कोणीही तें छापावें. या चोरीविरुद्ध तक्रार करीत त्यानें १७३७ ते १७४० च्या दरम्यान आपलीं शंभर गाणीं, शब्द व स्वर दोन्ही आपलेच, 'द म्युझिकल सेंचुरी' या नांवानें स्वतः छापलीं. १७३९ सालीं स्पेनशीं युद्ध पेटलें तेव्हां आरमाराच्या भरतीसाठीं एका तरुणास त्याच्या प्रेयसीपासून ओढून नेतांना त्यानें पाहिलें, आणि 'नॅन्सी' ही छोटी संगीतिका लिहिली. पुन्हां तेंच: रस्त्यावर उभें राहून पाहावयाचें आणि घरीं येऊन गाणें करावयाचें.

१७४३ सालीं त्याचीं नाटकें वर्गणीदारांच्या मदतीनें ग्रंथरूपानें निघालीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत क्लार्कनवेलमधील आपल्या घरीं केरीनें आत्महत्या केली. खिशांत अर्धी पेनी सांपडली असें सांगतात. अशा कथा कवींच्या मागें लागतातच. त्याच्या पश्चात् राहिलेल्या विधवेसाठीं व लहान मुलांसाठीं एक मदतीचा नाट्यप्रयोग करण्यांत आला, ही गोष्ट मात्र कथा नव्हे.

राहतां राहिला राष्ट्रगीताचा वाद. गीत प्रथम छापलें गेलें १७४४ च्या सुमारास, आणि गाजलें तें १७४५ च्या सप्टेंबरांत, स्टुअर्ट पक्षाच्या बंडाच्या धामधुमींत ड्रुरी लेनच्या रंगभूमीवर. तोंवर केरी वारला होता. त्यानें स्वतः या गीतावर हक्क सांगितल्याचा पुरावा नाहीं. तो सांगितला त्याच्या मृत्यूच्या वर्षीं जन्मलेल्या त्याच्या मुलानें, शतकाच्या अखेरीस, राजाकडून कांहीं वेतन मिळेल या आशेनें. आणि हातीं कांहींच लागलें नाहीं. संशोधकांचा कल हा हक्क नाकारण्याकडे आहे. १९४७ पूर्वीं येथील शाळांतूनही जें गीत मुलांकडून म्हणवून घेत असत, त्याचा कर्ता म्हणून केरीचें नांव कानांवर पडलेले लोक त्याच्या 'ड्रॅगन'विषयीं अजाण राहिले. ज्यानें खुशामतीच्या कवितेस कायमचें टोपणनांव दिलें त्याच्या गळ्यांत राजस्तुतीचें श्रेय अडकवावें आणि त्याच्याच मुलानें त्याची बिदागी मागावी, असा प्रवेश केरीला स्वतःला सुचता तर त्यानें सोडला नसता. या मुलाचा नातू म्हणजे प्रसिद्ध नट एडमंड कीन. शोकांतिकेची टवाळी करणाऱ्याच्या पणतूनें शेक्सपिअरच्या शोकांतिका गाजवाव्या, हेंही त्याला आवडलें असतें.

'सॅली' अजून गातात. पण ती ज्या चालीवर गातात ती केरीची नव्हे. १७९० च्या सुमारास एका जुन्या लोकगीताच्या चालीनें त्याच्या चालीची जागा घेतली. केरीची चाल ऐकावयाची असेल तर १७२८ चा 'बेगर्स ऑपेरा' उघडावा. लोकांच्या ओठीं असलेल्या चालींवर नवीं पदें बसवून केलेलें तें नाटक. किर्लोस्करांच्या संगीत नाटकांत पदाच्या डोक्यावर जशी 'चाल' छापलेली असते तशी तेथेंही छापलेली आहे. तिसऱ्या अंकांत फांशीची वाट पाहणारा दरोडेखोर मॅकहीथ कोठडींत बसून दारूचे पेल्यावर पेले रिचवीत एकामागून एक चालींचे तुकडे गातो. त्यांतला एक सॅलीचा आहे.